बरे न होणाऱ्यांची साक्ष

आपल्या मंडळीत साक्षीची सभा भरते तेव्हा आजारातून उठलेले बंधुभगिनी उभे राहतात. आपण सर्व मिळून उपकारस्तुती करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जो बरा होणार नाही त्याने साक्ष द्यावी काय? आणि दिली तर ती आपण ऐकून घेऊ काय?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो आमच्या शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंमुळे. त्यांचा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे. अशा रोगावर उपचार आहेत. त्यांनी वेदना कमी होतात, पुष्कळदा आयुष्यही वाढते. परंतु रोग सहसा समूळ जात नाही. एक औषध लागू पडेनासे झाले की दुसरे, असे चालते. बाई मात्र आपला वर्ग चुकवीत नाहीत. एकदा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना प्रेमानेच विचारले, “बाई, प्रार्थनेत कोठे उणीव राहिली का, हे पाहिलेत का?” बाई म्हणाल्या, “पाहिले, काका. सापडली नाही, म्हणून तर रडू आले.” त्यानंतर त्या साक्षीच्या सभेस येईनाशा झाल्या.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधू लागले तेव्हा बिघडले. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाला त्याने आपला सेवकच म्हटले.

प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. अमेरिकेतील रोझ कुशनर या पत्रकार बाईंना 1974 साली स्तनात गाठ आढळली. त्या काळी तेथे भूल देऊन गाठ तपासत, आणि कर्करोग निघाल्यास त्याच भुलेत स्तन काढून टाकीत. आपले काय झाले हे स्त्रीला जागी झाल्यावरच कळे. कुशनरबाईंनी आग्रह धरला की आधी तपासणी व्हावी, मग रुग्णाला सांगावे, आणि पुढचा निर्णय तिच्या संमतीने व्हावा. 1975 साली त्यांनी याविषयी पुस्तक लिहिले. 1979 साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळात त्या एकट्याच वैद्यकाबाहेरच्या होत्या, आणि त्या मंडळाने तपासणी व शस्त्रक्रिया वेगळ्या ठेवण्याची शिफारस केली. 1990 साली कुशनरबाई त्याच रोगाने वारल्या. त्या हरल्या असे कोण म्हणेल?

कोणी म्हणतील, बरे न होण्याच्या गोष्टी उघड बोलल्याने इतर आजाऱ्यांचा धीर खचेल. मला वाटते, धीर खचतो तो एकटे पडल्याने. पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा गेला नाही, काम चालू राहिले. हा पाठही मुलांना शिकवावा.

मग आपण काय करावे? “कधी बऱ्या होणार?” असे विचारू नये. डॉक्टरांकडे जाताना सोबत जावे, विचारावयाचे प्रश्न आधी लिहून न्यावेत, त्यांचे सांगणे टिपून घ्यावे. उपचाराच्या आठवड्यात त्यांचा वर्ग सांभाळावा व नंतर तो त्यांना परत द्यावा.

पुढच्या साक्षीच्या सभेस मी बाईंना बोलावणार आहे. काय सांगायचे ते त्या ठरवतील. ऐकण्याचे काम आपले.