घारीचे वात्सल्य आणि आमचा न्याय

संत जनाबाईंच्या अभंगात घार ही माता आहे. आपल्या नित्याच्या बोलीत मात्र घारीची झडप म्हटली की लुटारूच डोळ्यांपुढे उभा राहतो. एकाच पक्ष्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी कशा, हे कोडे उलगडण्यास आम्हां दिल्लीतील मराठी मंडळींना फार दूर जावे लागत नाही. हिवाळा सरू लागला की सरकारी वसाहतींतील उंच झाडांवर घारी काटक्यांची घरटी रचतात. त्यांत चिंध्या आणि प्लास्टिकचे तुकडेही आणून घालतात. दोन-तीन अंडी, महिनाभराची उबवण, आणि मग पिले उडेपर्यंत अखंड भरवणे. नर भक्ष्य आणतो. मादी त्याचे बारीक तुकडे करून एकेका चोचीत घालते. गच्चीवरून हे पाहताना कोणाचे मन द्रवणार नाही?

परंतु नराच्या पंजात काय असते? कधी खाटकाच्या दुकानापुढले मांसाचे तुकडे, कधी उंदीर, कधी पारव्याचे पिलू. त्या पारव्यानेही कोठल्याशा वळचणीला आपले अंडे तितक्याच निष्ठेने उबवलेले असते. एका घरट्यात जे वात्सल्य, तेच दुसऱ्या घरट्यात मरण. आम्ही घारीची बाजू घेतो, ती केवळ तिचे घरटे आमच्या खिडकीसमोर आहे म्हणून.

दया फुकट मिळत नाही. चांदणी चौकातील जैन पक्षी रुग्णालय मांसाहारी पक्ष्यांना ठेवून घेत नाही. मांजाने पंख चिरलेल्या घारींसाठी वझिराबादच्या दोन भावांनी शुश्रूषागृह उभारले. २०२२ साली ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाने ते जगाला दाखवले. पण तेथेही घारींना मांसच भरवावे लागते. एकाने ती किंमत नाकारली, दुसऱ्याने उघड्या डोळ्यांनी दिली; किंमत आहे, हे दोघेही जाणून आहेत.

आम्हां नोकरदारांना हे जाणणे अवघड जाते. गावाकडचा माणूस ‘आपलं काम तेवढं बघा’ म्हणत दारात उभा राहतो. परमुलखात मराठी शब्द कानी पडला की जीव ओलावतो. त्यात गैर काही नाही. पण त्याचा कागद वर आला की दुसऱ्या कोणाचा खाली जातो. तो मदुराईचा असेल, मुझफ्फरपूरचा असेल. आमच्या दारापर्यंत येण्याचे भाडेही त्याच्यापाशी नसेल.

घारीला दोष देता येत नाही. पारव्याचे घरटे तिच्या लेखी केवळ भक्ष्याचे ठिकाण आहे. ते कोणाचे तरी घर आहे, हे आम्हांला ठाऊक असते. म्हणून माया आटवावी असे नव्हे; मायेवाचून एकही पिलू उडाले नसते. आपल्या माणसाला घरी जेवू घालावे, त्याचा अर्ज नीट लिहून द्यावा, रात्री त्याला गाडीवर पोचवावे. कागद मात्र क्रमानेच वर येऊ द्यावा. त्याला राग येईल. गावी जाऊन तो चार शब्द बोलेलही. ती किंमत तरी आमच्या पदरची आहे, दुसऱ्याच्या घरट्यातली नव्हे.