मागची फळी

मे महिना सरत आला की मालवणजवळच्या सर्जेकोटच्या खाडीत होड्या वर ओढून शाकारायची घाई उडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे दुरुस्तीची आणि खरेदीची सगळी खलबतं याच दिवसांत होतात. त्या वर्षी दोघा भावांच्या घरी एकच विषय होता: बापाच्या होडीला नवीन इंजिन कितीचं घ्यायचं?

होडी २४ फुटी. फळ्या उंडीच्या आणि फणसाच्या, दर पावसाळ्याआधी मोरीच्या तेलाने माखलेल्या. बापाच्या तरुणपणी ती शिडावर आणि वल्ह्यांवर चालायची. पुढे त्याने तिचा मागचा निमुळता भाग कापून तिथे आडवी फळी बसवली आणि आठ एचपीचं आउटबोर्ड टांगलं. त्या आठच्या इंजिनाने घर चालवलं, दोन पोरांची लग्नं केली. आता खाऱ्या पाण्याने त्याचं आतलं सगळं खाऊन टाकलं होतं. मेकॅनिकनेही हात जोडले.

थोरल्याला इंजिन चालू झालं की पुरे होतं. धाकट्याच्या डोळ्यांसमोर मात्र शेजाऱ्याची फायबर होती. तिला चाळीसचं इंजिन. सकाळी ती नाक वर करून निघाली की बघताबघता दिसेनाशी व्हायची आणि परतताना सगळ्यांच्या आधी जेटीला लागायची.

"पयलो दर त्येका गावता," धाकटा म्हणाला. "आपण पोचासर बांगडो नरम पडता. चाळीसचाच लावया."

विक्रेत्याने हप्ते बांधून द्यायची तयारी दाखवली होती. होडी कसली आहे, हे काही त्याने विचारलं नव्हतं. ते त्याचं कामही नव्हतं म्हणा.

पण इंजिन टांगायच्या आधी मागची फळी मजबूत करायला हवी, म्हणून दोघे होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेले. मेस्त्री आला आणि इंजिनाबद्दल अवाक्षर न काढता हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत सुटला. टण, टण, टण आणि मग एके ठिकाणी ठप्प. तिथे जुन्या बोल्टांची भोकं होती. त्याने सुरीचं टोक दाबलं, ते अर्धा बोट आत गेलं.

"आधी माका सांगा, ही होडी घेवन तुमका खंय जावचा आसा?"

"पंधरा वावात. सगळे जातत थंय."

"आनि वजन?"

चार माणसं, जाळी, बर्फ आणि मिळाली तर मासळी. होडीचं स्वतःचं वजन धरून सगळं मिळून दोन टनांच्या आतबाहेर जाईल, असा मेस्त्रीचा अंदाज.

"मगे चाळीस कित्याक? शेजाऱ्याच्या फायबरचो तळ बग, मागे सपाट आसा. ती पाण्यावर चढता. ही पाण्यातसून चलता. हिका कितीय मार, ही चढाची नाय."

धाकट्याला हे पटलं नाही. जोर जास्त लावला की वेग जास्त मिळणारच, यात न समजण्यासारखं काय आहे? मेस्त्रीनेही वाद घातला नाही. शेजाऱ्याचं चाळीसचं इंजिन अर्ध्या दिवसासाठी मागून आणा म्हणाला. फळीला आतून जाड ठोकळा मारून दिला आणि एकच अट घातली, खाडीबाहेर जायचं नाही.

भरती पूर्ण झाल्यावर, पाणी थांबलेलं असताना, तिघे निघाले. जीपीएस थोरल्याच्या हातात. धाकट्याने रेस थोडी दिली तशी होडी साडेपाच नॉटवर गेली. एक तृतीयांश दिली, सहा. अर्धी दिली, तर साडेसहाच्या आसपास आकडा घुटमळू लागला. मग त्याने मनगट पुरतं पिळलं. इंजिन किंचाळलं, नाळ आभाळाकडे गेली, मागची बाजू पाण्यात बसली आणि काठ पाण्यापासून चार बोटांवर आला. जीपीएसवर साडेसात. मागे डोंगराएवढी लाट उठत होती. सगळं पेट्रोल ती लाट उठवण्यातच जळत होतं.

मेस्त्रीला ठाऊक नसेल, पण याच गोष्टीचा हिशेब विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात टॉर्की इथल्या टाकीत जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून मांडला होता. पाण्यातून चालणारी बोट स्वतःच लाट उठवते आणि ठरावीक वेगानंतर त्याच लाटेच्या खळग्यात अडकते. हा वेग बोटीच्या पाण्यात असलेल्या लांबीवर ठरतो. त्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढून त्याला १.३४ने गुणलं की नॉट मिळतात. या होडीची पाण्यातली लांबी २१ फूट धरली तर उत्तर सहाच्या थोडं वर येतं. म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. पुढच्या दीड नॉटसाठी धाकटा कितीतरी पट ताकद उधळत होता.

घाबरून त्याने रेस एकदम सोडली, आणि तीच चूक झाली. होडी थबकली, मागून येणारी तिची स्वतःचीच लाट थांबली नाही. ती फळीवरून आत आली आणि तिघांच्या पोटऱ्या भिजल्या. पाणी उपसताना दिसलं, फळीच्या सांध्यातला कापूस दोन ठिकाणी बाहेर आला होता.

किनाऱ्याला लागल्यावर थोरल्याने दुसरं टोक गाठलं. मग पाचचंच घेऊ, म्हणाला. स्वस्त आणि हलकं. मेस्त्री यावर जास्त चिडला. गेल्या साली त्यांच्याच चुलतभावाने पाचचं लावलं होतं. शांत पाण्यात छान चालायचं. एका संध्याकाळी ओहोटीचं पाणी खाडीच्या मुखातून जोरात बाहेर पडत होतं आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे. इंजिन पूर्ण रेसवर आणि होडी आहे तिथेच. शेवटी दुसऱ्याने दोर टाकून ओढून आणली.

मेस्त्रीचा हिशेब साधा होता: भरलेल्या होडीला टनामागे चार-पाच एचपी, म्हणजे आठ ते दहा, आणि वर वाऱ्यापाण्यासाठी थोडी शिल्लक. ९.९ आणि पंधराची इंजिनं बऱ्याच कंपन्यांची एकाच सांगाड्यावर बांधलेली असतात, वजनात फारसा फरक नसतो. मग पंधराचं घ्यावं आणि रोज पाऊण रेसवर चालवावं. चाळीसचं इंजिन सत्तर किलोच्या पुढे जातं, पंधराचं साधारण त्याच्या निम्मं. म्हाताऱ्या फळीवर एक जाडजूड माणूस रात्रंदिवस बसवून ठेवायचा की एक शाळकरी पोर, एवढाच प्रश्न.

आणखी दोन गोष्टी त्याने बजावल्या. पंखा कमी पिचचा घ्या, म्हणजे जड होडी ओढताना इंजिन गुदमरणार नाही. जास्त पिचचा पंखा जड होडीला लावला की इंजिनाचे फेरे चढत नाहीत आणि ते आतून तापून मरतं. आणि फळीची उंची मोजल्याशिवाय शाफ्टची लांबी सांगू नका. फळी वीस इंच निघाली, म्हणून लाँग शाफ्ट. आखूड शाफ्ट लावला असता तर लाटेवर पंखा हवेतच फिरला असता.

"आनि दराचा काय?" धाकट्याने शेवटचा प्रश्न विचारला. खरा प्रश्न तोच होता.

"बर्फ वाढव," मेस्त्री म्हणाला.

नारळी पौर्णिमेला गाऱ्हाणं घालून होडी पाण्यात गेली. मागे पंधराचं इंजिन आणि त्याच्याखाली सागाची कोरी फळी. चाळीसच्या मानाने जे पैसे वाचले त्यांतून फळी झाली, मोठी बर्फाची पेटी झाली आणि बांगड्याची दोन नवी जाळी आली. पूर्ण रेसवर चाळीसचं टू-स्ट्रोक तासाला पंधरा लिटरच्या पुढे पेट्रोल पितं. यांचं पाऊण रेसवर पाच लिटरच्या आत भागतं. शेजाऱ्याची फायबर अजूनही त्यांच्यापेक्षा पाऊण तास आधी जागेवर पोचते, आणि तिला चाळीसच शोभतं. दोघे भाऊ आता पहाटे पाऊण तास आधी निघतात.