आज पाणी नको

खिडकीतल्या पानफुटीजवळ बसा. ऊन अजून पानांवर यायचं असतं, ती सकाळची वेळ बरी. हातात झारी नको. पाठ सैल सोडा आणि थोडा वेळ नुसतं बघा.

खालचं एखादं जून पान निवडा. दोन बोटांत धरा, पण दाबू नका. पान जाड आहे, गार आहे. चांगलं भरलेलं आहे. आता त्याच्या कडेवरून बोट सावकाश फिरवा. एकेक खाच बोटाखालून जाऊ द्या. प्रत्येक खाचेत एक बारीक डोळा आहे. त्याच्याकडे मागाहून येऊ.

हे पान आत्ता आंबट आहे. हिंदुस्थानात वनस्पतींचा अभ्यास केलेल्या बेंजामिन हेन यांनी १८१३ साली एका पत्रात हे लिहून ठेवलं: याच झाडाचं पान सकाळी चुक्याइतकं आंबट लागतं, दुपारी बेचव होतं, संध्याकाळी जरा कडवट. एकच पान दिवसातून तीनदा चाखून बघावंसं वाटणं, याचं मला फार अप्रूप आहे. तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, ती खाऊन गुरं दगावतात. मुतखड्यावर म्हणून कुणी पानं चघळायला सांगितली, तरी नकोच. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. चुक्याच्या भाजीची नुसती आठवण जिभेवर आणा आणि तिथेच थांबा.

हा आंबटपणा रात्रीचा आहे. विदर्भात उन्हाळ्यात दारं-खिडक्या दिवसा लावून घेतात आणि रात्री उघडतात, तसंच या पानाचं आहे. त्याची सूक्ष्म छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात. त्या वेळी हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याचं मॅलिक आम्ल होतं आणि पेशींमध्ये साठून राहतं. उजाडलं, तापलं की छिद्रं मिटतात. मग साठवलेलं आम्ल मोडून, उन्हाच्या जोरावर, आतल्या आत साखर तयार होते. छिद्रं उन्हात उघडी राहिली असती तर पाणी उडून गेलं असतं. मूळची मादागास्करची ही वनस्पती पाण्याचा असा हिशेब ठेवते.

एक श्वास सोडा, घाई न करता. काल रात्री झोपेत तुम्ही सोडलेल्या हवेतलं काही या पानात उतरलेलं असू शकेल. पानफुटी रात्री ऑक्सिजन देते असं पुष्कळजण सांगतात. ते खरं नाही. ऑक्सिजन उजेडातच तयार होतो, रात्री ती घेते. आणि मला वाटतं, घेऊ द्यावं. घरातल्या प्रत्येक जिवानं आपल्याला काही दिलंच पाहिजे असं कुठे आहे?

आता मातीत बोट घाला, दोन पेरं आत. ओल लागते? मग हात काढून घ्या. इथे मन जरा अस्वस्थ होतं. काहीतरी करायला हवं, निदान थोडं पाणी तरी घालायला हवं, असं वाटतं. ते वाटणं येऊ द्या. त्याच्याकडे बघा, पण झारीकडे जाऊ नका. मुळांना हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. पावसाळ्यात तर हवेतच इतकी ओल असते की माती दिवसेंदिवस वाळत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक पानफुट्या तहानेनं गेल्या नाहीत, मायेनं घातलेल्या पाण्यानं गेल्या. तहान लागली की खालची पानं मऊ पडतात, सुरकुततात. तेव्हा भोकातून निथळेपर्यंत पाणी घाला आणि पुन्हा माती कोरडी होऊ द्या. मातीत जाडी वाळू, विटांचा चुरा आणि दिवसातून काही तास ऊन, याहून तिचं मागणं नाही.

आता खाचेतल्या त्या डोळ्याकडे या. पान फांदीवर असेपर्यंत तो सहसा गप्प असतो. पान गळून पडलं, फांदीशी नातं तुटलं, की तो जागा होतो. आधी केसासारखी मुळं, मग दोन इवली पानं. जर्मन कवी गटे यांना याचं इतकं वेड होतं, की ते पानफुटीची पानं स्नेह्यांना भेट म्हणून पाठवत.

एखादं गळलेलं पान कुंडीत असेल तर ते मातीवर सपाट ठेवा. वर माती लोटू नका. रोज याच वेळी येऊन त्याची कड बघा. पिल्लांना पानांच्या दोन-दोन जोड्या आल्या की ती अलग करून लावता येतील. तोवर मधलं जुनं पान पिवळं पडेल, कागदासारखं पातळ होत जाईल. कुंडी स्वच्छ दिसावी म्हणून ते उचलून टाकू नका. पिल्लं अजून त्यातलंच पाणी पीत असतात.