प्राण्यांचे ऋण आणि तालुक्याचे अर्भक

अन्ननलिकेचे वरचे टोक बंद आणि खालचे बहुधा श्वासनलिकेला जोडलेले, अशा स्थितीत जन्मणारे अर्भक साधारणतः तीन-चार हजार जन्मांमागे एक आढळते; आणि १९४१ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये कॅमेरॉन हेट या शल्यविशारदाने ही दोन टोके एकाच शस्त्रक्रियेत सांधून बालक जगवले, त्यापूर्वी अशा जन्माचा शेवट जवळजवळ ठरलेलाच असे. आता खरी अडचण उरली आहे ती ज्यांच्या टोकांमध्ये फार अंतर आहे त्या बालकांची, कारण ओढून सांधले तर टाके फाटतात. बाहेरून घातलेल्या टाक्यांनी टोके रोज थोडीथोडी ओढत गेल्यास अन्ननलिका वाढते, असे जॉन फोकर यांनी १९९७ मध्ये मांडले. परंतु किती बलाने, किती दिवस, आणि ही वाढ खरी की नुसता ताण, हे नवजाताच्या छातीत चाचपून पाहणे कोणाही विवेकी वैद्याला मान्य होणार नाही.

म्हणून जनावर आले. बोस्टनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकराच्या अन्ननलिकेवर दोन कडी बसवून ती छोट्या मोटारीच्या साहाय्याने हळूहळू दूर सारली; प्राणी जागा होता, खातपीत होता, आणि आठ-नऊ दिवसांत कड्यांमधला भाग सुमारे ७७ टक्के लांबला, तोही पेशींची संख्या वाढून. मात्र ती नलिका निरोगी आणि अखंड होती, हे विसरून चालणार नाही. गाभण उंदरीला अॅड्रिअमायसिन हे कर्करोगावरील औषध देऊन पिलांमध्ये हाच विकार उत्पन्न करता येतो, त्यातून गर्भातील बिघाडाचा मार्ग उलगडतो. पण त्या इवल्या नलिकेवर शिवण्याची परीक्षा होत नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या आग्रहातून उभा राहिलेला आपला १९६० चा कायदा सांगतो की लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, भूल द्यावी, आणि केवळ हाताची सवय व्हावी म्हणून शक्यतो प्रयोग करू नये. या कसोटीवर डुकराचा उपयोग मला समर्थनीय वाटतो, पण ज्यांना तो क्रौर्य वाटतो त्यांना भावुक म्हणून वाटेला लावण्याचा अधिकार मी कोणाला देणार नाही. वेदना खरी आहे, आणि तिचे समर्थन एकाच गोष्टीवर टेकलेले आहे: बालक वाचावे.

ते बालक भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावी जन्मले तर? तोंडाशी सारखा फेस येतो, लाळ गिळली जात नाही. आजी मायेने मधाचे बोट चाटवते; पहिल्या दुधाला ठसका लागतो, ओठ निळे पडतात, आणि छातीत भरले म्हणून शेक सुरू होतो. वास्तविक आठ किंवा दहा क्रमांकाची एक साधी नळी तोंडावाटे सरकवली असती तर ती दहा-एक सेंटिमीटरवर अडली असती, आणि निदानाचा मोठा भाग तिथेच झाला असता. मग दूध थांबवणे, लाळ ओढत राहणे, डोके उंच ठेवून ऊब देणे आणि संभाजीनगरसारख्या ठिकाणच्या बालशल्यचिकित्सकाकडे विनाविलंब रवाना करणे, एवढाच बंदोबस्त उरतो. फुप्फुसात लाळ व जठररस उतरून न्यूमोनिया झाला की सर्वोत्तम शल्यविशारदाचे हातही बांधले जातात.

बोस्टनच्या त्या डुकराने सोसलेले दुःख भोकरदनच्या बाळाच्या नावावर मागितले गेले, आणि ते बाळ नळीअभावी गेले, तर तो प्रयोग त्याच्यापुरता निष्फळच ठरतो. प्रयोगाच्या अर्जावर नीतिसमित्या बसतात, ते योग्यच आहे. पण प्रसूतिकक्षातील हयगयीची चौकशी तितक्या कसोशीने होत नाही. गर्भजल अति असलेल्या मातेच्या व तोंडाला फेस येणाऱ्या प्रत्येक नवजाताला पहिले दूध देण्यापूर्वी नळी घालून पाहावी, असा लेखी हुकूम तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावा, नळी कोठे अडली याची नोंद दप्तरात व्हावी, आणि ती नोंद दरमहा जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तपासावी.