एका दिवसाचे भाडे

श्रीनगरच्या दल सरोवरात दिवसभरासाठी एक नाव घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत पाण्यावरच राहायचे, हे आम्हा नवराबायकोचे जुने बोलणे. मुलांची शिक्षणे, लग्ने, मग आजारपणे यांत ते मागे पडत गेले. 2025 च्या ऑक्टोबरात अखेर योग आला. त्याच वर्षी 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात 26 माणसे मारली गेली होती. त्यांत महाराष्ट्रातले सहाजण होते. जाऊ नका, असे नातेवाइकांनी परोपरीने सांगितले. तरी आम्ही गेलो.

घाटावर शिकारे ओळीने बांधून ठेवलेले होते आणि गिऱ्हाईक तुरळक. माझ्याच वयाचा एक नावाडी पुढे आला. दराची पाटी होती, पण ती तासाच्या हिशेबाची. पूर्ण दिवसाचे काय घ्याल, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘जो मुनासिब समझें, जनाब.’’ मला ते नको होते. मी आकडा मागितला. त्याने अडीच हजार सांगितले. मी शेजारच्या रिकाम्या शिकाऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. माझी नजर कुठे गेली ते त्यानेही पाहिले. मग मी दीड हजार म्हणालो, आणि सतराशेवर सौदा ठरला. आठशे रुपये वाचवल्याचे समाधान घेऊन मी गादीवर टेकलो.

शिकाऱ्यात बसणारा पुढे तोंड करून रेलतो आणि नावाडी मागच्या टोकाला बसून वल्हे मारतो. बदामाच्या आकाराचे पाते पाण्यात शिरल्याचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. समोर जबरवानचे डोंगर, चार चिनारांचे बेट, आसफ खानाने 1633 मध्ये वसवलेला निशात बाग. सारे हळूहळू जवळ येत होते, जणू आपोआप. ज्याचा दिवस आपण विकत घेतला तो पाठीमागे असला की हे सुख निर्वेध मिळते.

दुपारी हजरतबलला नाव लावली. जोहरच्या नमाजाला तो माझ्याच सफेत, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. सलाम फेरताना प्रथमच त्याचे तळहात जवळून दिसले. वल्ह्याने घट्टे पडून ते लाकडासारखे झाले होते. बाहेर आल्यावर तो पुन्हा मागे बसला, मी पुढे. परतताना तरंगत्या वाफ्यांमधून त्याने नाव काढली. कमळाच्या देठांची भाजी, नदरू, कशी काढतात ते दाखवले. उन्हाळा कसा गेला, असे पत्नीने विचारले. ‘‘नाव बांधलेलीच होती, बहनजी,’’ एवढेच तो म्हणाला.

संध्याकाळी घाटावर उतरताना मी सतराशे रुपये मोजले आणि वर पाचशेची एक नोट ठेवली. त्याने ती घेतली, छातीवर हात ठेवला. मला बरे वाटले. खोलीवर आल्यावर पत्नी सहज बोलून गेली, ‘‘तरी तीनशे राहिलेच की!’’

त्या तीनशेवर मी आजवर विचार करतो आहे.

माझ्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मी फसवले नाही. जबरदस्ती केली नाही. तो राजी होता. भाव करणे हा बाजाराचा रिवाज आहे आणि घासाघीस होणार हे धरूनच त्याने अडीच हजार सांगितले असतील. शिवाय आकडा आधी ठरवला यात काही वावगे नाही. काम घेण्यापूर्वी मजुरी उघड ठरलेली असावी, असे आपल्या फकीहांनीच सांगितले आहे. ‘मुनासिब समझें’ म्हणणाऱ्याला संध्याकाळी मन मानेल ते टेकवणे हा मोठाच अन्याय झाला असता.

हे सारे खरे. पण मी भाव कशाच्या जोरावर उतरवला? किती तास वल्हवावे लागेल, हे मी विचारले नाही. नावेची डागडुजी, घरात खाणारी तोंडे यांतलेही काही विचारले नाही. मी फक्त रिकाम्या शिकाऱ्यांकडे पाहिले. म्हणजे मी त्याच्या कामाची किंमत केली नाही, त्याच्या अडचणीची केली. आणि ती अडचण कुठून आली होती? ज्या हत्येशी त्याचा काही संबंध नव्हता, तिने त्याचे गिऱ्हाईक नेले होते. त्याचा फायदा सतराशेच्या सौद्यात मला मिळाला.

आमचे अब्बा कोकणात खाडीवर तर चालवीत. गावकरी सुगीला भात घालीत. परक्या माणसाकडून ठरलेले पैसे घेत. कधी मध्यरात्री पलीकडच्या काठावरून हाक येई. कोणाला वैद्याकडे जायचे असे, कोणाला मयतीला. त्या वेळी अब्बांनी दहापट मागितले असते तरी मिळाले असते, आणि देणारा ‘राजी’च असता. ते दिवसाचेच पैसे घेत. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ असे आपण म्हणतो. त्यात हरीची फजिती दिसते, पण पाय धरून घेणाऱ्याचे काय, हे कोणी विचारत नाही. अडलेल्या उतारूकडून जास्त घेणे अब्बांना गैर वाटत होते. मग अडलेल्या नावाड्याला कमी देणे त्यांच्या मुलाला गैर का वाटू नये?

इमाम गझालींनी (मृत्यू 1111) ‘इह्या’मध्ये बाजारातल्या वागणुकीच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. अद्ल म्हणजे न्याय, आणि त्याच्या वर एहसान. गरिबाकडून घेताना जाणूनबुजून थोडे जास्त मोजावे, हा एहसान. श्रीमंत व्यापाऱ्याला तसे जास्त देण्यात मात्र पुण्य नाही, असा त्यांचा विवेक आहे. माझी पाचशेची नोट या दुसऱ्या पायरीवर बसते, असे मला त्या संध्याकाळी वाटले होते. नंतर ध्यानात आले की गझालींचे उदाहरण सौद्याच्या आतले आहे. जास्तीचे पैसे भावातच जातात आणि घेणारा ते आपली किंमत म्हणून घेतो. मी आधी भाव पाडला आणि मग त्यातलेच थोडे बक्षीस म्हणून परत केले.

सकाळी दिले असते तर तेच पाचशे त्याची मजुरी ठरले असते. संध्याकाळी ती माझी मेहेरबानी झाली. नोट तीच, पण सकाळी तिच्यासाठी त्याला छातीवर हात ठेवावा लागला नसता. शिवाय सकाळी देणे मला जड का गेले, हेही आता कळते. हक्काचे देताना आपल्याला आभार मिळत नाहीत.

भाव करूच नये, असे मी म्हणत नाही. भाजीबाजारात मी आजही करतो. फक्त आकडा तोंडून काढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावतो आहे: हा माणूस आज अडलेला नसता, तर हाच आकडा बोलायची माझी हिंमत झाली असती का? नसेल, तर तो आकडा भाव नव्हे.

पुन्हा दलला जाणे होईल की नाही, सांगता येत नाही. माझ्याकडे त्या नावाड्याचा पत्ता नाही, आणि तीनशे रुपये अजून माझ्याकडेच आहेत.