नृत्यरचनेचा कर्ता

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलुखात गोंडांच्या नाचाचे रिंगण धरले, म्हणजे त्यातले पहिले पाऊल कोणी योजले हा प्रश्न कोणी विचारीत नाही. रचना साऱ्या गावाची, असे मानून आपण मोकळे होतो, आणि तेथे ते योग्यही आहे. परंतु नृत्य गावाची शीव ओलांडून परदेशच्या रंगमंचावर, आणि तेथून चित्रपटाच्या वा दूरचित्रवाणीच्या चौकटीत शिरले, की त्याच्यामागे एका विशिष्ट व्यक्तीची योजक बुद्धी उभी असते. पडद्यावर दिसतो तो मात्र नर्तकाचा चेहरा, त्यामुळे योजकाचे नाव दप्तरी लागतच नाही.

कथक नर्तिका दमयंती जोशी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९२८ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलीला ‘मेनका’ या नावाने विख्यात झालेल्या लीला सोखे यांनी आपल्या नृत्यसंचात घेतले, आणि दहाएक वर्षांच्या वयात ती युरोपच्या नाट्यगृहांतून नाचू लागली. कथक म्हणजे एकट्या नर्तकाने तबलजीच्या डोळ्याला डोळा देऊन समेवर यावे आणि मैफलीचा रंग पाहून तुकडा लांबवावा वा आटोपावा, अशी कला, ती मेनकाबाईंनी अनेक नर्तकांत वाटली, कथानकात ओवली आणि ठरावीक वेळात बसविली, कारण परक्या प्रेक्षकाला तिहाईचा, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येण्याचा, हिशेब उमगला नाही तरी रांगांचे फुटणे-जुळणे उमगत होते. कॅमेऱ्यालाही नेमकी हीच शिस्त लागते. १९३८ च्या ‘डेअर टिगर फॉन एश्नापुर’ या जर्मन चित्रपटात हा संच झळकला, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

या बंदिस्तपणात कथकाची उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचणारा विस्तार, काहीशी बळी पडली, असे माझे मत आहे. दमयंतीबाईंनी मात्र पुढे लखनौ घराण्याच्या अच्छन, लच्छू आणि शंभू महाराजांची तालीम घेतली आणि एकल नर्तिका म्हणूनच नाव मिळविले. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मश्री. तेव्हा आपल्याच मध्य प्रदेशात असलेल्या खैरागडच्या इंदिरा कला विश्वविद्यालयातही त्यांनी विद्यादान केले.

मेनकाबाई १९४७ साली निवर्तल्या. त्यांचे चरित्र संगीत नाटक अकादमीने १९८९ साली प्रसिद्ध केले; ते लिहिले दमयंतीबाईंनी.