विटेवर थांबायची तयारी आहे का?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

दानाचे तीन प्रकार भगवंत इथे सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलं तर ते सात्त्विक. बदल्यात काही हवं म्हणून किंवा जड मनाने दिलं तर राजस. आणि भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, घेणाऱ्याचा मान न राखता दिलं तर तामस. गंमत बघा, किती दिलं हा प्रश्न तिन्ही श्लोकांत कुठेच येत नाही!

आता हेच श्लोक घेऊन एखाद्या वृद्धाश्रमाच्या दारात उभे राहूया. पितृपक्षात, वाढदिवसाला, रविवारी जेवण देणारे खूप असतात. कधीकधी एकाच दिवशी दोन ठिकाणचा गोडाचा स्वयंपाक येतो, आणि खाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना मधुमेह असतो. ताट समोर येतं, पण आधी फोटो होतो. मग बुधवारी रात्री दोन वाजता एका आजींना बाथरूमला जायचं असतं, तेव्हा हात धरायला कोण असतं? पगारावर ठेवलेली मावशी. तिच्या पगारासाठी मात्र पैसे द्यायला फारसं कोणी तयार नसतं. जेवणावर नाव घालता येतं, पगारावर येत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘अरे, पण जेवण देण्यात वाईट काय आहे? भाव तर चांगला आहे ना?’ भाव चांगलाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण श्लोक आपल्याला भावाच्या पुढे नेतो. देश, काळ, पात्र हे तिन्ही घेणाऱ्याच्या बाजूने ठरतात. माझा रविवार मोकळा आहे, हा माझा काळ झाला. आजींचा काळ बुधवारची रात्र आहे.

इथे मला पुंडलिक आठवतो. आईवडिलांची सेवा चालू असताना प्रत्यक्ष देव दारात आला. पुंडलिकाने वीट सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला, कटेवर हात ठेवून अजून उभा आहे. ही कथा आपण पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीसाठी सांगतो. पण देणाऱ्याच्या नजरेने वाचली तर? सगळं काही देऊ शकणारा दारात आला आणि म्हाताऱ्यांच्या सेवेची वेळ त्याने मोडली नाही. ‘मी आलोय, आता आधी माझं बघा’ असं तो म्हणाला नाही. देव थांबू शकतो, तर देणगीदाराने किंवा आपल्यासारख्या स्वयंसेवकाने थांबायला काय हरकत आहे?

आधी पैशाबद्दल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांसाठी डे केअर सेंटर स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनासाठी. वृद्धाश्रमातल्या नर्सच्या पगाराला ती लागू नाही. म्हणजे तीन वर्षांचा पगार द्यायला कायदा आड येत नाही, आड येते ती पाटीची हौस.

आता कौशल्याबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी आपल्या नागपुरात मातृ सेवा संघ सुरू केला. दोघी परिचारिका होत्या. बायकांचं सुरक्षित बाळंतपण ही समोरची गरज, आणि हातात नेमकं तेच काम. कौशल्य गरजेला जाऊन बसलं आणि मुख्य म्हणजे तिथेच राहिलं. संघाचं काम वाढत गेलं, त्यात पुढे पंचवटी वृद्धाश्रमही आला.

आपण इंजिनिअर लोक काय करतो? शनिवार-रविवारी संस्थेला ॲप बनवून देतो. सहा महिन्यांनी आपली नोकरी बदलते, पासवर्ड आपल्याच ईमेलवर राहतो आणि ऑफिसमधले काका परत वहीवर येतात. वही चांगली होती हो! ऑफिसात हँडओव्हरशिवाय आपल्याला कोणी सोडत नाही, मग सेवेत का सोडावं?

खरी गरज बऱ्याचदा छोटी आणि कंटाळवाणी असते. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना महिन्याला १५०० रुपये मिळतात, पण आधार बँक खात्याला जोडलेलं हवं, दरवर्षी हयातीचा दाखला हवा. सरकारी पेन्शनरांना २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला मिळतो. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. २०२१ पासून मोबाईलवर चेहरा दाखवूनही हे काम होतं. पण तो मोबाईल धरून, न चिडता, चौथ्यांदा ‘आजोबा, इकडे बघा’ म्हणणारं कोणीतरी लागतं. हे काम कुठल्याही रेझ्युमेवर शोभणार नाही. म्हणूनच ते सात्त्विक होण्याची शक्यता जास्त!

श्लोकातलं पात्र म्हणजे घेणारा, हे खरं. पण थकलेल्या माणसाची पात्रता तपासणारे आपण कोण? मला तो शब्द स्वतःकडे वळवावासा वाटतो. या गरजेला मी पात्र आहे का? माझं कौशल्य, माझा वेळ, माझा धीर?

आजचा संकल्प: या आठवड्यात जवळच्या एका संस्थेला फोन करायचा. ‘आम्ही अमुक देतो’ म्हणायचं नाही. ‘तुमचं कुठलं काम कोणीच घेत नाही?’ एवढंच विचारायचं. उत्तर यायला वेळ लागला तर शांतपणे थांबायचं.

वीट आपल्यासाठीही आहे.

राम कृष्ण हरी!